शांतता बसवून देणारा फिटर

हिरामण म्हसकरला ऐकू कमी येतं हे सगळ्या मांजर्ली गावाला माहीत होतं. आणि अंबरनाथच्या एमआयडीसीत ज्या कारखान्यात तो सतरा वर्षं फिटर होता, तिथल्या कुठल्याही मशीनचं दुखणं सगळ्यांच्या आधी हिरामणलाच ऐकू येतं, हे त्या कारखान्याला माहीत होतं. या दोन माहित्यांची एकमेकींशी गाठ पडायचं काही कारण नव्हतं. गावातली माणसं कारखान्यात जात नसत आणि कारखान्यातली माणसं मांजर्लीत आलीच तर पूर पाहायला येत.

पुराचा आणि हिरामणच्या कानांचा संबंध जुना. उल्हास नदी घरामागे. पोहायला शिकावं लागत नसे, नदीच दरवर्षी घरात येऊन शिकवून जाई. आठव्या वर्षी त्याचे दोन्ही कान वाहायला लागले. आईने लसणीचं तेल घातलं, शेजारणीने आणखी काही घातलं. शेवटी पडदे गेले आणि कान वाहायचे थांबले. उपचार लागू पडला असं घरात मानलं गेलं.

पुढे कामगार विमा योजनेच्या दवाखान्यातल्या एका डॉक्टरने त्याला समजावलं की तुझा आतला कान ठणठणीत आहे, फक्त पुढचं दार मोडलंय. हवेतून येणारा आवाज दारातच अडकतो. हाडातून आलेला मात्र मागच्या दाराने थेट आत जातो. हिरामणला यात नवीन काही वाटलं नाही. फिटर लोक स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवतात आणि लाकडी मूठ कानामागच्या हाडाला लावून आतला आवाज ऐकतात, ही पद्धत जगभर चालते. फरक एवढाच की बाकीच्या फिटरांना त्याच वेळी आजूबाजूची पन्नास मशीनंही ऐकू येत. हिरामणला फक्त ते एक बेअरिंग ऐकू येई. कारखान्याच्या त्या गोंगाटात पूर्ण एकांत असलेला तो एकटाच माणूस होता.

एकोणनव्वद साली मोठ्या ब्लोअरची तपासणी करायला पुण्याहून एक इंजिनियर पेटीभर यंत्रं घेऊन आले. त्यांनी आलेख काढून सांगितलं, बेअरिंग महिनाभर चालेल. हिरामणने स्क्रू-ड्रायव्हर लावला आणि म्हणाला, ''दोन दिस.'' तिसऱ्या दिवशी सकाळी बेअरिंग फुटलं. इंजिनियरांनी अहवालात 'दोन ते तीस दिवस' असं लिहिलं. मोठ्या मनाचे गृहस्थ असावेत.

शहाण्णव साली कारखाना बंद झाला. फाटकाला कुलूप लागलं त्या दिवशी हिरामण आपला स्क्रू-ड्रायव्हर धोतराच्या फडक्यात गुंडाळून घरी घेऊन आला आणि ओटीवर बसला. दोन वर्षं बसला. आत त्याची आई राजाबाई होती, आणि ती बसणाऱ्यांतली नव्हती.

राजाबाई धवलारीण होती. आमच्या भागातल्या आगरी लग्नात भटजी असो वा नसो, धवलारीण लागते. हळद दळण्यापासून मांडवातल्या शेवटच्या विधीपर्यंत प्रत्येक कामाचा आपापला धवळा, म्हणजे विधीचं गाणं, असतो. ती गायला लागली की काम सुरू होतं, थांबली की थांबतं. राजाबाईने बदलापूर ते वांगणी किती लग्नं लावली याची मोजदाद नाही. मी कात्रपच्या शाळेत मराठी शिकवायचो आणि सुट्टीच्या दिवशी तिच्या ओटीवर बसून तिचे धवळे वहीत उतरवायचो. तिला या उद्योगाविषयी आदर नव्हता.

''मास्तर, लिवून काय व्हतं? कागद काय गातो काय?''

तिच्या धवळ्यात एक बोलावणं असे. मडकी घेऊन कुंभाराला बोलवा, टोपली-सूप घेऊन बुरुडाला बोलवा, बांगड्या घेऊन कासाराला बोलवा. मी एकदा विचारलं, की सोनाराला का नाही बोलवत? ती म्हणाली, ''ज्याच्याबिगर लगीन अडतं त्याला बोलवायचा. सोन्याबिगर काय अडतंय?'' हे वाक्य मी वहीत लाल शाईने लिहिलं आणि घरी बायकोला वाचून दाखवायचं टाळलं.

अठ्ठ्याण्णवच्या भाद्रपदात राजाबाईचा आवाज बसला तो उठेना. मुंबईच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की गाठ स्वरयंत्रात आहे आणि स्वरयंत्रच काढावं लागेल. बारा ऑक्टोबरची तारीख मिळाली. आई वाचेल, पण बोलणार नाही, हे हिरामणला कागदावर लिहून सांगावं लागलं. ते काम माझ्याकडे आलं. त्याने कागद वाचला, घडी केली, खिशात ठेवला आणि विचारलं, ''मंग गानी?''

माझ्याकडे चार वह्या होत्या आणि एकही चाल नव्हती. घरच्या टेपरेकॉर्डरवर मी एकदा प्रयत्न केला होता. त्यात राजाबाईपेक्षा टेपरेकॉर्डरच जास्त गात होता. मुंबईला न्यावं तर तिने बजावलं होतं, मुंबईला ती एकदाच जाणार, बारा तारखेला. राहिला उल्हासनगर कॅम्प तीनमधला परसूशेठचा स्टुडिओ.

परसराम ऊर्फ परसूशेठ हा कॅसेटचा धंदा करणारा सिंधी गृहस्थ. एका जीन्सच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर त्याची एक खोली होती. त्याच्याकडे कोळीगीतं, गरबा, भगत मंडळींची सिंधी गाणी, नवसाला पावणाऱ्या देव्या, सगळं रेकॉर्ड होई. मी त्याच्या कॅसेटच्या वेष्टनांवरचा मजकूर लिहून देत असे, तेवढी ओळख. त्याच उन्हाळ्यात त्याने जुनं टेपचं मशीन मोडीत देऊन कॉम्प्युटर आणला होता. त्यात दोन हार्ड डिस्क होत्या आणि गाणं फितीऐवजी त्यांच्यावर लिहिलं जाई. परसूशेठला कॉम्प्युटरचा एवढा अभिमान होता की येणाऱ्याला आधी तो दाखवी आणि मग चहा.

घट बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही राजाबाईला घेऊन गेलो. हिरामण सोबत होता. शेअर रिक्षातून उतरल्यावर तिने रस्ताभर टांगलेल्या जीन्सच्या विजारींकडे पाहिलं आणि म्हणाली, ''एवढे बाप्ये नागवे कुठं गेले?''

रेकॉर्डिस्ट होता गुरुदत्त, अंबरनाथचा, शांत स्वभावाचा. त्याने राजाबाईला माइकसमोर पाटावर बसवलं, स्वतः कानाला हेडफोन लावले आणि हळूच म्हणाला, ''आजी, जरा काहीतरी म्हणा.'' पूर्वी तिचा आवाज तीन शेतं ओलांडून जाई. आता तो हातभर जात होता. गुरुदत्तने माइकचा जोर वाढवला, आणखी वाढवला, आणि त्याचा चेहरा बदलला.

राजाबाई मधेच थांबली. ''यो रातकिडा कुठं वरडतंय?''

गुरुदत्तने निमूटपणे माझ्या कानाला हेडफोन लावले. एक बारीक, लांबलचक किणकिण. त्यात मधूनच दाताखाली वाळू यावी तसं करकरणं. तो आवाज हार्ड डिस्कचा होता. कॉम्प्युटर उन्हाळ्यापासून तिथेच होता, तसाच किणकिणत होता, आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. कारण तोवर त्या खोलीत जे काही रेकॉर्ड झालं होतं, त्यात शांतता नावाचा प्रकारच नव्हता. ढोलकीच्या मागे हत्ती उभा असता तरी कळला नसता.

''वेगळ्या खोलीत का नाही ठेवत?'' मी विचारलं.

''वेगळी खोली होती,'' गुरुदत्त म्हणाला. ''शेठने ती काज-बटणवाल्याला भाड्याने दिली.''

परसूशेठने हात जोडले. ''साईं, ये आवाज थोडी है? ये कंप्यूटर की साँस है. साँस तो लेगा ना बिचारा!''

''घेऊ दे की,'' राजाबाई म्हणाली, ''पन माझ्या धवल्यात नको.''

आणि मग तिने दोन अटी घातल्या. एक, धवळा एकदाच म्हणायचा असतो. त्या वेळेचा तो धवळा, म्हटला की झाला. पुन्हा म्हणणं म्हणजे एकाच नवऱ्याला दोनदा हळद लावणं. 'रीटेक' हा शब्द गुरुदत्तने तिला तीन प्रकारे समजावून सांगितला आणि तिने तो तिन्ही प्रकारे नाकारला. दुसरी अट, लग्न पाहिजे.

''लग्न?''

''मंग काय हवेला हलद लावू?''

आश्विनात लग्न आणायचं कुठून? अखेर गुरुदत्तने मान खाली घालून कबूल केलं की त्याचं लग्न डिसेंबरात ठरलं आहे, मुलगी वांगणीची. राजाबाईने त्याला आपादमस्तक पाहिलं. त्याच्या घरी धवळ्याची रीत नव्हती, पण ती म्हणाली, ''नवरा तो नवरा. दोन म्हयने आधी पिवला झाला तर काय कुजत नाय.''

म्हणजे हिशेब साधा होता. हळद एकदाच लागणार, गळा एकदाच चालणार, बारा तारीख मागे सरकणार नाही. आणि मधे ती किणकिण.

पहिला इलाज परसूशेठने केला. खालच्या कारखान्यातून जीन्सच्या कापडाचे तुकडे आणून त्याने कॉम्प्युटरला असा गुंडाळला की तो थंडीतल्या म्हाताऱ्यासारखा दिसू लागला. अर्ध्या तासात तो तापला आणि बंद पडला. आवाज पूर्ण गेला, हे मान्य केलं पाहिजे.

एवढा वेळ हिरामण कोपऱ्यात उभा होता. काय चाललंय ते त्याला ऐकू येत नव्हतं. पण आईने गाणं थांबवलं आणि सगळे एका पेटीकडे पाहताहेत, एवढं दिसत होतं. कॉम्प्युटर थंड करून पुन्हा चालू केला तेव्हा त्याने फडकं सोडलं, स्क्रू-ड्रायव्हर काढला, टोक पेटीवर टेकवलं आणि मूठ कानामागे लावून डोळे मिटले. परसूशेठ ओरडला, ''अरे, शॉक लगेगा!'' पण ते हवेतून आलं होतं, त्यामुळे पोचलं नाही.

हिरामणने डोळे उघडले. ''दोन हायेत. फिरतायत. किती आरपीएम?''

गुरुदत्तने बोटांनी दाखवलं, मग कागदावर लिहिलं: ७२००.

हिरामणने कागद दोनदा वाचला. ''आमचा ब्लोअर चवदाशे चालीसचा व्हता,'' तो म्हणाला. दोन वर्षांत पहिल्यांदाच मी त्याच्या चेहऱ्यावर आदर पाहिला.

''खराब आहे का?'' मी मोठ्याने, हातवारे करून विचारलं.

''बेअरिंगं नवी हायेत. रोग त्यांच्यात नाय, बसवन्यात हाय.''

त्याने पेटी उघडायला लावली. चार स्क्रू काढून एक डिस्क चालू स्थितीत तळहातावर घेतली. गुरुदत्तने देवाचं नाव घेतलं. पण हेडफोनमध्ये किणकिण निम्म्याने उतरली होती. हिरामणने समजावलं ते असं: एवढीशी वस्तू एवढ्या वेगात फिरते आणि तिला पत्र्याला आवळून बांधलंय. ती थरथरते तसा पत्रा गातो, पत्र्याचं ऐकून टेबल गातं, टेबलाचं ऐकून जमीन, जमिनीवरून माइकचा दांडा. कारखान्यात ब्लोअरखाली रबर घालतात ते उगीच नाही.

''इथे रबर कुठलं घालणार?''

हिरामणने खिडकीतून खाली पाहिलं. समोरच्या गाळ्यात लहान मुलांच्या चड्ड्या शिवत होते. दारात इलॅस्टिकच्या रिळांची रास पडली होती.

परसूशेठला कळायला थोडा वेळ लागला. ''मेरा हार्ड डिस्क... चड्डी के इलास्टिक पे?''

हे मात्र त्याच्या चेहऱ्यावरून हिरामणला बरोबर समजलं. ''शेठ,'' तो म्हणाला, ''तुमची चड्डी बी त्याच्यावरच हाय. कदी पडली का?''

पुढचे आठ दिवस हिरामण रोज सकाळी जेवणाचा डबा घेऊन कॅम्प तीनला जात होता, जसा सतरा वर्षं अंबरनाथला जायचा. घरी त्याच्या बायकोने, अंजनीने, दोन वर्षांनी पहाटे उठून भाकऱ्या थापल्या आणि मला सांगितलं, ''मास्तर, मानूस कामाला लागला का घरातलं घड्याल बी बरोबर चालतं.''

दोन्ही डिस्क त्याने इलॅस्टिकच्या पाळण्यात टांगल्या, कुठेच पत्र्याला लागू न देता. मग राहिला हवेतून येणारा आवाज. कॅसेटच्या जुन्या खोक्यांचं प्लायवूड घेऊन त्याने कॉम्प्युटरभोवती एक मोठी पेटी केली. आतून जीन्सच्या चिंध्यांची गोधडी लावली. ती राजाबाईने दोन दिवसांत शिवून दिली, कारण गप्प बसून करण्यासारखं काम म्हणून तिला तेच पटलं. पण हवा हवीच. हवेसाठी त्याने आत-बाहेर जाणारी नागमोडी वाट ठेवली, तीन वळणांची. ''हवा वलन घेते,'' तो म्हणाला. ''आवाज आलशी. तो सरल जातो न् गोधडीत पडतो.'' ब्लोअरच्या सायलेन्सरमध्ये त्याने हेच पाहिलं होतं. मी भौतिकशास्त्राच्या एका शिक्षकाला विचारलं, तेव्हा त्याने फळ्यावर बरंच काही लिहिलं आणि शेवटी म्हणाला, तो म्हणतो ते साधारण बरोबर आहे.

तापमानाची परीक्षाही कारखान्यातलीच. पेटीच्या बाजूला तळहात ठेवायचा आणि दहा मोजायचे. दहापर्यंत हात टिकला तर ठीक, सातला उचलावा लागला तर मशीन बंद. पहिल्या दिवशी सात. मग आणखी एक भोक, आणखी एक वळण. चौथ्या दिवशी तो दहा मोजून पुढे अकरा, बारा म्हणत राहिला आणि खाली जाऊन चहा पिऊन आला.

एक अडचण उरली: खालच्या मजल्यावरची शिलाई मशीनं. तिथला मास्टर बबन भला माणूस, पण कामाच्या वेळेत मशीन बंद ठेवायला कोण तयार होईल? हिरामणने एके दुपारी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन त्याच्या बारा मशीनांची तपासणी केली आणि तीन मशीनांच्या आत काय बिघडलंय ते सांगून दोन दुरुस्तही केली. बबनने वर येऊन सांगितलं, ''आजीचं गाणं कधी आहे ते बोला. दोन घंटे पूरा सन्नाटा. कारागीर लोक को भी बिठाएगा ऐकायला.''

दसऱ्याच्या आदल्या दिवशी गुरुदत्तने मला फोन करून काही न बोलता रिसीव्हर माइकजवळच्या हेडफोनला लावला. मला काहीच ऐकू आलं नाही. ''ऐकलंत?'' तो म्हणाला. मी हो म्हणालो. आयुष्यात एवढं खरं हो मी क्वचितच म्हटलं असेल.

रेकॉर्डिंग रविवारी, चार ऑक्टोबरला ठरलं. खाली बबनने मशीनं बंद केली, तेव्हा अख्ख्या गल्लीला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. राजाबाई नवं लुगडं नेसून आली होती. एका वाटीत हळद कालवलेली, सुपात तांदूळ. गुरुदत्त कॉम्प्युटरपुढे पाटावर बसला, डोक्यावर हेडफोन आणि हेडफोनवर मुंडावळ्या. वांगणीच्या मुलीला यातलं काहीही सांगायचं नाही असं सर्वानुमते ठरलं. हिरामण आपल्या पेटीजवळ, आमच्याकडे पाठ करून, तळहात पेटीवर ठेवून बसला.

राजाबाईने हळदीत बोट बुडवलं. आणि थांबली.

''कोंबडी कुठं दाने टिपते रं?''

टिक्. टिक् टिक्. टिक्. गुरुदत्तच्या चेहऱ्याचा रंग हळद लागायच्या आधीच पिवळा झाला. आवाज पेटीतून येत होता आणि पेटीवर हात ठेवून बसलेल्या एकट्या माणसाला तो ऐकू येत नव्हता. मी हिरामणच्या खांद्यावर हात ठेवला. तो वळला, सगळ्यांची तोंडं पाहिली, आणि स्क्रू-ड्रायव्हर काढला. यावेळी त्याने डोळे मिटले ते लगेच उघडले. मग बराच वेळ तो कुणाकडेच पाहत नव्हता.

''काय झालं?'' परसूशेठने विचारलं.

''पूजा,'' हिरामण म्हणाला.

दसऱ्याला हत्याराची पूजा होते. कारखाना बंद झाल्यापासून दोन दसरे हिरामणने फक्त स्क्रू-ड्रायव्हरची केली होती. मशीन म्हणावं असं त्याच्याकडे काही नव्हतं. यंदा होतं. म्हणून दसऱ्याला सकाळी तो सगळ्यांच्या आधी आला, पेटीचं झाकण उघडून थेट मशीनला हळद-कुंकू लावलं, झेंडू वाहिला आणि अक्षता टाकल्या. रीतसर, सढळ हाताने. ज्या माणसाने आठ दिवस खपून त्या मशीनमधला कण न् कण आवाज काढला होता, त्यानेच मूठभर तांदूळ मशीनवर टाकले होते आणि त्यातले काही आतल्या पंख्यात गेले होते. आणि त्याच्या कानांची तऱ्हा अशी की हात लावून पाहिलं, दहा मोजले, सगळं ठीक आहे म्हणून तो घरी गेला, आणि त्यानंतर रविवारपर्यंत मशीन कुणी चालूच केलं नव्हतं.

आता निस्तरायची पाळीही त्याचीच होती. त्याने मशीन बंद करायला लावलं, झाकण उघडलं, चिमट्याने पंख्यातून तांदळाचे सात दाणे आणि झेंडूची एक पाकळी काढली, आणि तळहातावर घेऊन आईसमोर उभा राहिला. अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस. पाटी फोडलेल्या पोरासारखा.

राजाबाईने दाणे पाहिले. ''कवा टाकल्यास?''

त्याला ऐकू आलं नाही, पण प्रश्न समजला. ''दसऱ्याला.''

तिने ते सात दाणे उचलून आपल्या सुपातल्या तांदळात मिसळले. ''बरं केलंस,'' ती आम्हाला म्हणाली, त्याला नव्हे. ''मांडवाची अक्षत आधीच पडली. म्हंजे मुहूर्त माझ्या पोऱ्याने धरला.''

मशीन चालू झालं. गुरुदत्तने बोट वर केलं. खोलीत अशी शांतता होती की मला माझ्या घड्याळाची लाज वाटली. मी ते काढून चपलेत ठेवलं.

मग ती गायली. हातभर जाणारा आवाज, पण वाटेत काहीच नव्हतं, त्यामुळे तो हवा तिथे पोचला. ती गात होती आणि हळद लावत होती. गुरुदत्त एका गालाने नवरा आणि दुसऱ्या हाताने रेकॉर्डिस्ट होता. जिन्यात बबन आणि त्याचे कारागीर ओळीने बसले होते. पाऊण तास. बोलावणं आलं: कुंभार झाला, बुरुड झाला, कासार झाला. तिथे ती एक श्वास थांबली. मी वहीत पुढची ओळ पाहत होतो आणि तिने वहीत नसलेलीच ओळ म्हटली. मी दचकून हिरामणकडे पाहिलं. त्याची पाठ तशीच, हात पेटीवर, ओठ दहा मोजत होते. राजाबाईने गाता गाताच माझ्याकडे असं पाहिलं की मी वही मिटली.

शेवटच्या कडव्यात आवाज फाटला आणि ती फाटका आवाज घेऊनच टोकाला गेली. गुरुदत्त 'ओके' म्हणाला नाही. तो रडत होता, आणि हळद डोळ्यांत गेली असं सांगत होता.

बारा तारखेला शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच झालं: आई राहिली, आवाज गेला. डॉक्टरांचे आभार मानायला हिरामण गेला तेव्हा त्यांच्या खोलीतला पंखा तीन महिन्यांत जाईल असं सांगून आला.

दिवाळीनंतर तो राजाबाईला घेऊन स्टुडिओत आला. तिच्या गळ्याला पांढरं फडकं बांधलेलं. परसूशेठने या वेळी आधी चहा विचारला आणि कॉम्प्युटर नंतर दाखवला. त्याच्या घराण्यात हा मोठा बदल होता. एव्हाना कॅम्प तीनमधले आणखी दोन कॉम्प्युटरवाले हिरामणकडे पेटी करून मागत होते आणि शेठ त्यांना स्वतः पत्ता देत होता.

गुरुदत्तने रेकॉर्डिंग लावलं. हिरामण थोडा वेळ उभा राहिला. मग त्याने फडक्यातून स्क्रू-ड्रायव्हर काढला, टोक स्पीकरच्या लाकडी खोक्यावर टेकवलं, मूठ कानामागे लावली आणि डोळे मिटले. मला तेव्हा कुठे लक्षात आलं. आठव्या वर्षापासून आईचं गाणं त्याच्यापर्यंत भिंतीपलीकडच्या बोलण्यासारखं आलं असणार. हजार लग्नांना तो तिच्या मागून गेला होता आणि कान गेल्यापासूनचं हे त्याचं पहिलंच नीट ऐकणं होतं.

कुंभार झाला, बुरुड झाला, कासार झाला. मग तो एक श्वास. आणि वहीत नसलेली ओळ:

बोलवा गं बोलवा फिटराला,
फिटरदादा, उगी कर किड्याला...

हिरामणने डोळे उघडले. स्क्रू-ड्रायव्हर तसाच कानाला. ''आय,'' तो म्हणाला, ''फिटर म्हनलीस?''

राजाबाईने मान हलवली.

''मास्तर, तुमी ऐकलं व्हतं?''

मी मान हलवली. गुरुदत्तने हलवली. परसूशेठने हलवली, जरी त्याला ओळीचा अर्थ त्याच क्षणी कळत होता.

हिरामणने मूठ पुन्हा नीट हाडाला लावली. पण ओळ पुढे निघून गेली होती.

तेव्हा राजाबाईने, जिने जन्मभर एक धवळा दोनदा म्हटला नाही आणि रीटेकला तीनदा नकार दिला, गुरुदत्तच्या पाठीत बोट खुपसलं आणि त्याच बोटाने हवेत एक उलटा गोल काढला: मागे घे. पुन्हा लाव.

त्या दुपारी तिने तो गोल अकरा वेळा काढला.